दुसऱ्या नंबरच्या हातखुणा

नोलन ब्रिग्ज माणूस चांगला होता की वाईट, असं लोक मला अजून विचारतात, आणि विचारलं की माझं डोकं सटकतं. अहो, चार वर्षं त्याचे मोजे धुतलेत मी. मोजे धुणाऱ्या बाईला माणूस कळतो, पण तो एका शब्दात सांगता येत नाही. ऐकायचंच असेल तर बसा, सगळं ऐका, आणि मध्ये तोंड घालू नका.

मी आयरीन तोथ. टोलीडोच्या फुटबॉल संघाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बारा तिथली मुख्य म्हणून. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून चेंडू हाताने फेकायचा तो, आमचा अमेरिकेतला. ऑगस्टमध्ये सरावाचं शिबिर लागलं की नव्वद खेळाडूंचे घामट कपडे माझ्याकडे यायचे. महिना संपता संपता त्रेपन्न जणांचे उरायचे. बाकीच्यांना ऑगी नावाचा माणूस खांद्यावर टिचकी मारून सांगायचा, ‘साहेबांनी बोलावलंय, टॅब घेऊन ये.’ सगळ्या खेळ्या ज्यात असतात तो टॅब परत मागितला की समजायचं, नाव कमी झालं. ऑगी बिचारा साधा, मांजरं पाळणारा. पण पोरं त्याला यमदूत म्हणायची आणि तो जेवायला आला की टेबलं रिकामी करायची.

नोलन पस्तीस वर्षांचा. आमचा दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे गड्यांना खेळी सांगून चेंडू फेकणारा. पहिला स्टॅन्टन. तो धडधाकट असेपर्यंत नोलनने डोक्यावर टोपी, कानाला साहेबांचं बोलणं ऐकायचं यंत्र आणि हातात पाण्याची बाटली घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहायचं. अकरा वर्षं त्याने हेच केलं होतं, पाच गावांत, पाच संघांत. खऱ्या सामन्यात तो मैदानात जेवढा वेळ होता ना, तेवढ्यात माझी टॉवेलांची एक खेपसुद्धा वाळली नसती. हे तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा. ‘आयरीन, तुझं मशीन माझ्यापेक्षा जास्त खेळतं.’

पण एक गोष्ट सांगताना तो हसायचा नाही. त्याने एकही खरा सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. ‘एकदाच,’ म्हणायचा, ‘सामना सुरू होताना माझं नाव पुकारू दे. बोगद्यातून पळत मैदानात येऊ दे. मग हाकला मला खुशाल.’ आणि बायको, जोअॅन, तिने त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं की सहावं गाव मी बघणार नाही. मुलींच्या पाच शाळा झाल्या, पुरे झालं. टोलीडोने काढलं की खेळ संपला. तेव्हा त्याच्यापुढे एवढंच होतं, त्रेपन्नात राहायचं. राहिला तर कधीतरी स्टॅन्टनचा गुडघा दुखेल आणि याचं नाव पुकारतील. नाही राहिला तर काहीच नाही.

आणि त्याच वर्षी त्याच्या गळ्यात टेव्हिन ब्रूसार्ड बांधला.

टेव्हिन बावीस वर्षांचा, लुईझियानाकडचा, भातशेतीच्या मुलखातला. लांब हातांचा, लाजरा, जेवताना मान वर न करणारा पोरगा. मला ‘मिस आयरीन’ म्हणायचा. त्याच्याकडे थोरल्या बाईला अशीच हाक मारतात. पण चेंडू फेकला की बघत राहावं! पाऊल न उचलता सत्तर यार्ड. झेलणारे म्हणायचे, चेंडू येताना आवाजसुद्धा करत नाही. सगळं मैदान थांबून बघायचं, आणि मी बघायची नोलनकडे. तो टाळ्या वाजवायचा. खऱ्या टाळ्या हो, नाटक नव्हतं त्यात, आणि तेच मला बघवायचं नाही.

आमचे मुख्य प्रशिक्षक हार्लनसाहेब. त्यांनी नोलनला बोलावलं आणि म्हणाले, ‘हा पोरगा तयार कर. नीट तयार केलास तर तुला विसरणार नाही.’

मला हे त्याने दुपारी येऊन सांगितलं, माझ्या कपड्यांच्या टेबलावर चढून बसत.

‘आयरीन, ते म्हणाले, विसरणार नाही.’

‘ते दरवर्षी किती क्वार्टरबॅक ठेवतात?’

‘दोन.’

‘एक स्टॅन्टन. मग उरला किती?’

‘या वर्षी तीन ठेवतील कदाचित.’

‘ठेवतील! आणि मी पुढच्या वर्षी मैदानात नाचेन. खाली उतर, टॉवेल चुरगळतोयस.’

उतरला, पण जाईना. म्हणाला, ‘मी नाही शिकवला तर दुसरं कुणी शिकवेल. आणि मग मी तर नक्कीच गेलो.’ बरोबर होतं त्याचं. शिकवलं तरी मरण, नाही शिकवलं तरी मरण. अशा कात्रीत मी माणसं बरीच पाहिलीत, पण त्या कात्रीत बसून इतक्या मन लावून काम करणारा हा एकच.

पोराची अडचण अशी होती की त्याला बोलता येत नव्हतं. तोतरा नव्हता हो. कॉलेजात त्यांच्याकडे कुणी खेळी तोंडाने सांगतच नाही, मैदानाच्या कडेने चित्रांचे फलक वर धरतात. कोंबडा, ट्रॅक्टर, कुणाचं तरी थोबाड. पोरांनी बघायचं आणि खेळायचं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे क्वार्टरबॅकने दहा जणांना गोल करून उभं करायचं, साहेब हेल्मेटमधल्या स्पीकरवर जी खेळी सांगतील ती पंधरा पंधरा शब्दांची लांबलचक खेळी एका दमात म्हणायची, आणि अशी म्हणायची की समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला वाटलं पाहिजे, याला कळतंय. टेव्हिन पहिल्या दिवशी गोलात उभा राहिला आणि ‘उजवीकडे तिघं’ एवढं म्हणून गप्प. पुढचं आठवेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आघाडीतला एक धटिंगण म्हणाला, ‘बाळा, घरी फोन लावून विचारतोस का?’ आणि सगळे फिदीफिदी हसले. पोराचे कान लाल झालेले मला कुंपणापलीकडून दिसले.

त्याच दुपारी नोलन त्याला माझ्याकडे घेऊन आला.

‘आयरीन, मला दहा माणसं दे.’

‘माझ्याकडे आम्ही तिघं आहोत.’

‘मग सात गाडे दे.’

मळके कपडे वाहायचे लोखंडी गाडे आमच्याकडे होतेच. सात गाडे आणि आम्ही तीन धुलाईवाले, असे दहा जण गोल करून उभे राहिलो. मागे ड्रायर धडधडत होते, म्हणजे प्रेक्षकांचा गोंगाटसुद्धा फुकटात. टेव्हिन मध्ये वाकून उभा.

‘बोल,’ नोलन म्हणाला.

‘उजवीकडे तिघं, कडेचा आत, दोनशे बावीस...’

‘पुढे?’

‘सर, आठवत नाही.’

‘आठवत नाही हे त्यांना सांगायचं नाही. आठवेपर्यंत शिव्या घाल. पण गप्प बसू नकोस. गप्प क्वार्टरबॅक म्हणजे मेलेला क्वार्टरबॅक. आयरीनकडे बघून बोल.’

‘मिस आयरीनला शिव्या घालू?’

‘घालून बघ,’ मी म्हणाले, ‘तुझ्या गंजिफ्रॉकांना स्टार्च करते.’

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. आणि दुसऱ्या खेपेला खेळी पूर्ण म्हटली, शेवटच्या ‘दोनवर, दोनवर’ पर्यंत. दोनवर म्हणजे दोन म्हटल्यावर चेंडू मागे यायचा. आमच्यातल्या एकाने उगाच टाळी वाजवली. नोलनने त्याच्याकडे असं बघितलं की टाळी अर्ध्यात राहिली. ‘एक खेळी म्हटली त्याने,’ म्हणाला, ‘अजून दोनशे चाळीस आहेत.’

त्यानंतर तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे हा तमाशा. मी पॅप्रिका घातलेलं चिकन डब्यात आणायची, ते आम्ही गाड्यांवरच खायचो. नोलन त्याला काय काय शिकवायचा! समोरचा बचाव कुठल्या पावलावर खोटं बोलतो ते. थकलेल्या झेलणाऱ्याचं नाव गोलात आधी घ्यायचं, म्हणजे तो सावध होतो ते. चूक झाली की आकाशाकडे बघायचं नाही, चिखलाकडेही नाही, पुढच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं, तेही. अकरा वर्षांत कडेला उभं राहून जे जे टिपलं होतं ते ते सगळं त्याने ओतलं. मला वाटतं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपल्याला इतकं येतं. कुणी विचारलंच नव्हतं ना कधी.

आणि पोरगं टिपत होतं. दुसऱ्या आठवड्यात गोलात त्याचा आवाज घुमायला लागला. तो धटिंगण आता त्याच्या पाठीवर थाप मारायचा.

त्याच सुमारास नोलनची झोप उडाली. डोळे खोल गेले. खिशात पित्ताच्या गोळ्यांची डबी, येता जाता तोंडात टाकायचा. एक दिवस टेव्हिन निघून गेल्यावर त्याने मला विचारलं, ‘कसा वाटतो?’

‘चांगलाय.’

‘किती चांगला?’

मी घड्या घालत राहिले.

‘बोल ना. माझ्याहून?’

‘हो.’

‘तू कधीतरी खोटं बोलत जा, आयरीन,’ म्हणाला. मग गाड्याच्या कडेला हात घासत पुढे बोलला. ‘काय करू मी? मला हे सोडून काहीही येत नाही. मी एकदाही सुरुवातीपासून खेळलो नाही, आणि मला दुसरं काही येतही नाही. हसू नकोस.’

मी हसत नव्हते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तो पोरगा गुणी होता, पण नोलन माझा होता. खरं सांगते, मला नोलन राहायला हवा होता. माझ्या नवऱ्याच्या मयताला अख्ख्या संघातून तो एकटा आला होता.

आता हातखुणांचं सांगते, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

हेल्मेटमधला स्पीकर कधीतरी बंद पडतो. क्वचितच, हंगामात एखाद्या वेळी. पडला तर कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या नंबरच्या माणसाने हातांनी खुणा करून खेळी सांगायची. कानाला हात, पोटावर दोन बोटं, टोपीचा शेंडा. काही संघांत मनगटाच्या पट्ट्यावर खेळ्या लिहितात, पण हार्लनसाहेबांना त्याची चीड. मनगट वाचणारा क्वार्टरबॅक मला नको, म्हणायचे. आणि खुणा कुठेही लिहायच्या नाहीत, कारण कागद चोरीला जातो. आमच्या संघात रीतच अशी की खुणा म्हणजे दुसऱ्या नंबरची मालमत्ता. तोच बनवणार, तोच बदलणार, तोच बाकीच्या क्वार्टरबॅकना तोंडी शिकवणार. साहेबसुद्धा विचारत नसत. त्यांनी कानात खेळी सांगायची, पुढचं नोलनचं.

शेवटच्या सराव सामन्याच्या आधीचा गुरुवार. शनिवारी सामना, मंगळवारी नावं कमी होणार. जेवण झाल्यावर टेव्हिनने बोटं पुसत विचारलं, ‘सर, ते हातांचं राहिलंय.’

‘कसलं?’

‘स्टॅन्टन आणि तुम्ही करता ते. कानाला हात वगैरे.’

नोलन डबीतली गोळी काढत होता. ‘ते नंतर,’ म्हणाला. ‘स्पीकर कुठे बंद पडतोय? आधी तिसऱ्या प्रयत्नाच्या खेळ्या पक्क्या कर.’

‘बरं, सर.’

पोरगं गेलं. मी नोलनकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शुक्रवारी मी मुद्दाम म्हटलं, ‘अरे, त्याच्या त्या खुणा...’ तर एकदम माझ्या अंगावर आला. ‘तू धुणं धू ना!’ चार वर्षांत माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. आणि मी गप्प बसले. मला वाईट वाटलं म्हणून नाही. मला कळलं म्हणून. दोनशे एकेचाळीस खेळ्या त्याने त्या पोराला दिल्या होत्या, आणि एवढी एक गोष्ट मुठीत धरून ठेवली होती, बुडणारा माणूस फळकूट धरतो तशी. वीस पावलांवर साहेबांची खोली होती. मी जाऊन सांगू शकत होते. नाही गेले. नोलनला दोष द्यायचा तर त्यातला माझा वाटा आधी बाजूला काढा.

शनिवारी दुपारी सामना. मैदान अर्धं भरलेलं, कारण सराव सामन्याला कोण जीव टाकून येतं? पण नोलन आणि टेव्हिन, दोघांचे जीव टांगणीला. स्टॅन्टनला अशा सामन्यात विश्रांती, म्हणून पहिला अर्धा नोलन खेळला. बरा खेळला, चुका नाहीत, चमकही नाही. दुसऱ्या अर्ध्यात टेव्हिन. काय सांगू तुम्हाला! गोलात वाकायचा आणि त्याचा आवाज मला पाण्याच्या गाड्यापर्यंत ऐकू यायचा. दोनदा त्याने संघ शेवटच्या पट्टीपार नेला. हार्लनसाहेब, जे लग्नातसुद्धा हसले नसतील, ते बाजूच्या माणसाला कोपर मारून काहीतरी दाखवत होते. नोलन कडेला, कानाला यंत्र, चेहरा पांढराफटक.

एक मिनिट चाळीस सेकंद उरले असताना टेव्हिनने हेल्मेटवर हात आपटला. एकदा, दोनदा. स्पीकर गेला.

खेळ थांबवायचा एकच टाइमआउट शिल्लक होता, तो घेतला. पोरगं पळत कडेला आलं, साहेबांनी तोंडावर खेळी सांगितली, ते पळत गेलं आणि असा काही चेंडू फेकला की वीस यार्ड पुढे. पण झेलणारा रेषेबाहेर गेला असता तर घड्याळ थांबलं असतं; तो मैदानातच पडला, घड्याळ धावत राहिलं. आता बोलवायला सवड नाही, कुणाला पाठवायला सवड नाही. साहेबांनी नोलनच्या कानात खेळी सांगितली आणि नोलनने हात उचलले.

मी त्याच्यामागे दहा हातांवर होते. खुणा त्याने अगदी चोख केल्या. कानाला हात, टोपीचा शेंडा, पोटावर दोन बोटं, डावी मूठ. हजार डोळ्यांसमोर. कुणाची माय त्याला चुकीचं म्हणू शकली नसती. टेव्हिन त्याच्याकडे बघत उभा. नोलनने पुन्हा केल्या, सावकाश. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी त्याचे ओठही हलत होते. तो ओरडून खेळी सांगत होता! पन्नास यार्डांवरून, त्या गोंगाटात. आता त्याला सांगायची होती. आता, देवा. गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडत होता आणि पोराला एक अक्षर पोचत नव्हतं.

टेव्हिन गप्प मात्र बसला नाही. तेवढं तो शिकला होता. गोलाकडे वळला आणि जी खेळी तोंडात आली ती ठणठणीत म्हटली, धुलाईखान्यात पहिल्यांदा पाठ केलेली. सगळे बरोबर पळाले. पण समोरचा बचाव नेमका तिथेच दबा धरून होता. चेंडू त्यांच्या हातात गेला आणि त्यांचा माणूस तो घेऊन थेट आमच्या शेवटच्या पट्टीपार गेला. पोरगं मैदानात एकटं उभं राहिलं. आकाशाकडे बघितलं नाही त्याने, चिखलाकडेही नाही. आमच्याकडे बघत होतं.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ऑगी त्याच्या खांद्यावर टिचकी मारून गेला.

निघताना टेव्हिन मला भेटायला आला. पिशवी खांद्याला, स्वच्छ शर्ट. ‘मिस आयरीन, चिकनबद्दल थँक्यू,’ म्हणाला. मी त्याच्या शर्टाची कॉलर उगाच नीट केली. गेला.

पुढचं मला ऑगीने सांगितलं, कारण साहेबांच्या खोलीत तो दाराशी उभा असतो. साहेबांनी पोराला विचारलं होतं, ‘खुणा तुला कळल्या कशा नाहीत? नोलनने शिकवल्या नव्हत्या?’ सरळ प्रश्न. पोराने ‘नाही’ म्हटलं असतं, तर सामन्यातलं बाकीचं बघून साहेबांनी त्याला ठेवलाही असता, आणि नोलनला त्याच क्षणी दारातून बाहेर काढला असता. पोरगं म्हणालं, ‘शिकवल्या होत्या, सर. मीच विसरलो.’

‘विसराळू क्वार्टरबॅक घेऊन मी काय करू?’ साहेब म्हणाले. संपलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच नोलनला शोधत गेले. तो जेवणघरात एकटा बसला होता, समोर टर्कीचं सँडविच, एकही घास खाल्लेला नाही. सगळं सांगितलं त्याला. शब्दन् शब्द.

‘खोटं बोलला तो,’ नोलन म्हणाला.

‘हो. तुझ्यासाठी.’

‘मी त्याला सांगितलं नव्हतं असं बोलायला.’

‘तू त्याला काहीच सांगितलं नव्हतंस, हेच तर झालं ना मेल्या!’

तो उठला. म्हणाला, ‘मी साहेबांना सांगतो. आत्ता सांगतो. तो अजून विमानतळावर असेल.’ आणि खरंच जिना चढला. मी खाली कठड्याला धरून उभी. मनात म्हणत होते, सांग रे, सांग. आणि त्याच मनात, दळभद्री मेलं माझं मन, दुसरं काहीतरीही म्हणत होते.

दहा मिनिटांनी खाली आला.

‘सांगितलंस?’

‘मी दार वाजवलं,’ म्हणाला, ‘तर त्यांनीच सुरुवात केली. दुसऱ्या संघाने सोडलेला एक पोरगा घेतलाय, तिसरा म्हणून. चोवीस वर्षांचा. चार वाजता येतोय. त्याला तयार कर म्हणाले. ब्रूसार्डला तू छान घडवला होतास, दोष तुझा नाही, म्हणाले.’

‘आणि तू?’

‘मी हो म्हटलं.’

चार वाजता तो नवा पोरगा आला. बुटांचे बंदसुद्धा बांधून झाले नव्हते त्याचे. नोलनने त्याला माझ्या गाड्यांमध्ये उभा केला आणि आधी हातखुणा शिकवल्या. सगळ्या. दोन तास, घसा बसेपर्यंत. ‘पुन्हा. पुन्हा कर. हे विसरायचं नाही, कळलं? हे आधी,’ असं ओरडत होता, इतका की नवं पोरगं घाबरून माझ्याकडे बघायला लागलं. मी ड्रायरमध्ये तोंड खुपसून कपडे काढत राहिले.

बाकीचंही सगळं दिलं त्याने त्या नव्याला, यावेळी काही मागे न ठेवता. आणि जे व्हायचं ते झालं. स्टॅन्टनचा गुडघा काही दुखला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आघाडीतले दोघं जायबंदी झाले, जागा हवी होती, आणि नवं पोरगं तयार होतं. ऑगी जेवणघरात आला तेव्हा बाकीचे उठून गेले, नोलन बसून राहिला. टॅब आधीच टेबलावर काढून ठेवला होता त्याने. मला भेटायला आला, पण दारातूनच हात केला. काही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. आठवड्याभरात सगळ्यांना घेऊन जोअॅनच्या माहेरी कॅन्झसला गेला. नाव त्याचं कधी पुकारलं गेलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी टेव्हिनचा फोन. त्याला पुढे कुणीच बोलावलं नव्हतं. मामाच्या, घरोघर गॅस पोचवायच्या ट्रकवर जात होता.

‘मिस आयरीन, सरांना काढल्याचं पेपरात वाचलं. खरंय?’

‘खरंय रे.’

माझ्याच्याने राहवलं नाही. ‘का बोललास तसं, बाळा? तू खरं सांगितलं असतंस तर आज तू इथे असतास.’

‘सरांनी मला बोलायला शिकवलं, मिस आयरीन. तोंडच उघडत नव्हतं माझं. आणि त्यांना दोन मुली आहेत. मला वाटलं, मला काय, मला दुसरं कुणीतरी घेईल.’

‘आणि कुणी घेतलं नाही. आणि त्यालाही काढलं. फुकट गेलं रे तुझं सगळं, फुकट गेलं.’ मी रडत होते, आणि रागाने ओरडतही होते, बिचाऱ्या त्याच्यावरच.

‘फुकट कसं?’ तो म्हणाला. ‘सर आठ आठवडे जास्त राहिले की तिथे.’

तो तिकडे थांबला होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मग म्हणाला, ‘पुढचं घर आलं, मिस आयरीन, उतरतो,’ आणि त्यानेच फोन ठेवला.